कळ, खटका आणि शेवटचा शब्द

विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत छातीच्या उंचीवर एक लोखंडी पेटी असते. तिच्यावर एक हिरवे बटण आणि एक लाल बटण. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत वाढलेल्या मुलाला ही पेटी पुष्कळदा शाळेच्या आधी भेटते. हिरवे दाबले की आत ‘खट्’ आवाज होतो आणि मोटर घुमू लागते. बोट काढून घेतले तरी ती चालूच राहते. लाल दाबले की थांबते. लाईट गेली की थांबते, आणि लाईट परत आली तरी आपली आपण सुरू होत नाही. कोणीतरी जाऊन पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. मोटरवर ताण आला तर ‘स्टार्टर पडतो’. मग थोडा वेळ थांबून लाल बटण दाबायचे आणि नंतर हिरवे. पुष्कळ स्टार्टरांत ते लाल बटणच रीसेटचेही काम करते.

ज्या अभ्यासक्षेत्राच्या दारात मी वाचकाला नेऊ इच्छितो, त्याचे जवळजवळ सगळे मूलभूत प्रश्न या पेटीत आहेत. खिशातला मोबाइल, कंडक्टरच्या हातातले तिकिटांचे मशिन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, आजोबांचे साखर तपासायचे यंत्र, मतदान केंद्रावरचे मतदान यंत्र ही सगळी बॅटरीवर चालणारी, उचलून नेण्याजोगी उपकरणे आहेत. ती बटणाने चालू कशी व्हावीत, बंद कशी व्हावीत, आणि मध्येच अडकून पडली तर पुन्हा मूळपदावर कशी यावीत, हा या क्षेत्राचा विषय. बोटभर जागेतला हा विषय असल्यामुळे तो किरकोळ वाटतो. मी अनेक वर्षे नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि माझा अनुभव उलटा आहे. विद्यार्थ्याला यंत्र खरोखर कळले आहे की नाही, हे तो त्याचे चालू-बंद कसे रचतो यावरून समजते.

आधी शब्दांकडे वळू, कारण मराठीने इथे एक महत्त्वाचा भेद आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे. आपल्याकडे खटका आहे आणि बटण आहे. भिंतीवरचा दिव्याचा खटका खाली केला की खाली राहतो, वर केला की वर राहतो. दिवा लागो वा न लागो, खटक्याकडे पाहून कळते की आपण त्याला काय सांगितले होते. दाराच्या घंटीचे बटण तसे नसते. ते दाबले की आत जाते, सोडले की बाहेर येते, आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही. म्हणजे खटक्याला आठवण असते, बटणाला नसते. या दोघांच्या आधीचा शब्द आहे ‘कळ’. कळसूत्री बाहुलीतली, कळफलकातली कळ. थोड्या हालचालीने मोठे काम घडवून आणणारी युक्ती, असा तिचा अर्थ. आपल्या विषयाला हा शब्द उत्तम शोभतो.

बटणाला आठवण नसते, मग ‘मला चालू राहायचे आहे’ हे कोण लक्षात ठेवते? मला वाटते, या क्षेत्राचा पहिला प्रश्न हाच आहे. विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये उत्तर फार देखणे आहे. हिरवे बटण दाबले की तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, वेटोळ्याचे चुंबक बनते आणि ते लोखंडी तुकडा खेचून मोटरचे संपर्क जोडते. त्याच हालचालीत एक छोटा जादा संपर्कही जुळतो, तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. आता बोट काढले तरी वेटोळ्याला त्या छोट्या संपर्कातून वीज मिळत राहते. यंत्र स्वतःला धरून ठेवते. लाल बटण ही साखळी तोडते. लाईट गेली की चुंबक सुटतो, स्प्रिंग संपर्क उघडते आणि आठवण पुसली जाते. ही विस्मृती मुद्दाम ठेवलेली आहे. मोटरजवळ कोणी हात घालून बसले असताना लाईट आली आणि पंप अचानक फिरू लागला, तर जीव जाईल.

बटणांच्या घडणीतही विचार आहे. कारखान्यातल्या फलकांवर सुरू करायचे बटण बहुधा पृष्ठभागाच्या पातळीत किंवा किंचित आत बसवलेले असते, म्हणजे कोपर लागून मशिन सुरू होऊ नये. थांबवायचे बटण मात्र वर आलेले असते, म्हणजे घाईत, न बघताही ते हाताला सापडावे. अगदी निकडीच्या वेळी वापरायच्या लाल बटणाला तर भूछत्राचा आकार देतात, तळहात आपटला तरी पुरे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्विचगिअर बनवणारे कारखाने आहेत. नाशिकच्या कितीतरी घरांतली माणसे रोज हीच कामे करून येतात. त्यांना हे सगळे हातांनी ठाऊक असते. या क्षेत्राने त्या हातांच्या ज्ञानाला शब्द द्यावेत, अशी माझी इच्छा आहे.

आता हातात मावणाऱ्या उपकरणांकडे येऊ. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत आवाजाची चकती फिरवताना सुरुवातीलाच एक ‘खट्’ लागत असे. तो खराखुरा खटका होता. उलटी चकती फिरवली की बॅटरीची वाट तुटे आणि रेडिओ पूर्ण बंद होई. मग तो साधा, प्रामाणिक खटका नव्या उपकरणांतून का गेला?

पहिले कारण असे की उपकरणात आता प्रोग्रॅम चालतो, आणि त्याला बंद होण्यापूर्वी थोडी आवराआवर करावी लागते. अर्धवट लिहिलेली नोंद पूर्ण करायची असते, फाइल मिटायची असते. खटक्याने एकदम वीज तोडली तर ती नोंद अर्धीच राहते. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. उपकरणाला कधीकधी स्वतःहून बंद व्हावे लागते. पाच मिनिटे कोणी हात लावला नाही, किंवा बॅटरी संपत आली, तर यंत्राने आपले आपण मिटावे अशी आपली अपेक्षा असते. पण यंत्राला हात नसतो, ते खटका बंद करू शकत नाही. समजा त्याने आतून वीज तोडली, तर वर खटका ‘चालू’ दाखवत राहील आणि आत सगळे बंद असेल. म्हणून आठवण बटणाच्या बाहेर काढून मंडलात ठेवावी लागली. मग माणूस आणि यंत्र दोघेही ती बदलू शकतात.

ही आठवण ठेवणारे मंडल म्हणजे स्टार्टरच्या वेटोळ्याचे नातवंड. बॅटरी आणि उपकरण यांच्यामध्ये एक मॉस्फेट असतो, तो वाटेवरचा दरवाजा. बटण दाबले की दरवाजा उघडतो, मायक्रोकंट्रोलर जागा होतो आणि पहिल्याच काही सूचनांत आपल्या एका पिनने तो दरवाजा धरून ठेवतो. आता बोट निघाले तरी चालते. बंद करायचे असेल तेव्हा तीच पिन सोडून दिली की दरवाजा मिटतो. हिरव्या बटणाला समांतर असलेला छोटा संपर्क आणि मायक्रोकंट्रोलरची ही पिन यांचे काम एकच आहे. दिंडोरीचा मुलगा वर्गात हे ऐकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचे जे हसू उमटते, ते मी अनेकदा पाहिले आहे.

या सोयीची किंमतही आहे. खटका बॅटरी पूर्ण तोडत असे. बटणाच्या व्यवस्थेत मात्र बोटाची वाट पाहणारा एक पहारेकरी सतत जागा ठेवावा लागतो, आणि त्याला खायला घालावे लागते. इथे हिशेब करायला शिकले पाहिजे. समजा बॅटरी १००० मिलिअँपिअर-तासांची आहे. पहारेकऱ्याला ५ मिलिअँपिअर लागत असतील, तर उपकरण कपाटात नुसते पडून २०० तासांत, म्हणजे आठ दिवस आणि आठ तासांत रिकामे होईल. तोच पहारेकरी ६ मायक्रोअँपिअरवर भागवत असेल, तर हिशेबाने १९ वर्षे निघतात. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी बॅटरी आपल्या आपण झिजेल. याच कामासाठी बनवलेल्या चिप बाजारात आहेत. मुळात लिनिअर टेक्नॉलॉजीची असलेली एलटीसी २९५० ही त्यातली अभ्यासण्याजोगी चिप. ती २.७ ते २६.४ व्होल्टपर्यंत चालते आणि साधारण ६ मायक्रोअँपिअर घेते. आठ दिवस आणि १९ वर्षे यांतला फरक म्हणजे या क्षेत्रातले कसब, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

बोट आणि बटण यांच्या भेटीकडे आता सूक्ष्मदर्शकातून पाहू. लहान उपकरणांतले बटण बहुधा टॅक्ट स्विच असते, ६ मिलिमीटर चौरसाच्या आसपासचे. आत धातूची इवलीशी घुमटी असते. दाबले की ती एकदम आत वळते, पाव मिलिमीटरची हालचाल होते आणि बोटाला ‘टिक्’ जाणवते. आपल्याला वाटते की संपर्क एकदा जुळला. प्रत्यक्षात धातूवर धातू आपटून चेंडूसारखा उसळतो, आणि काही मिलिसेकंदांत संपर्क कितीतरी वेळा जुळतो आणि तुटतो. माणसाला हे कळत नाही. मायक्रोकंट्रोलरला मात्र मिलिसेकंद म्हणजे मोठा काळ, त्याला प्रत्येक उसळी स्वतंत्र दाब वाटते. एकदा दाबले आणि यंत्र चालू होऊन लगेच बंद झाले, असे नवख्यांच्या प्रयोगात घडते ते यामुळे. उपाय सोपा, पण त्यात शहाणपण आहे: थांबायचे. साधारण २० ते ५० मिलिसेकंद संपर्क स्थिर राहिला, तरच तो दाब खरा मानायचा. त्याहून कमी थांबले तर उसळ्या आत शिरतात, फार थांबले तर बटण जड आणि मंद वाटते. माणसाला जे एका क्षणात घडल्यासारखे वाटते त्याच्या पोटात यंत्राला केवढा काळ दिसतो, हे इथे पहिल्यांदा उमगते.

बोटाबरोबर आणखी एक गोष्ट येते. नाशिकच्या कोरड्या थंडीत लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची शाल काढताना चटचट ठिणग्या उडतात. तेच बोट बटणाला लागते तेव्हा काही हजार व्होल्टचा क्षणिक फटका मंडलात शिरू शकतो. उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत म्हणूनच थेट स्पर्शाने ८ हजार आणि हवेतून १५ हजार व्होल्टपर्यंतचे फटके देऊन पाहतात. बटण हा यंत्राचा बाहेरच्या जगाकडे उघडणारा दरवाजा आहे, आणि दरवाजातून पाहुण्याबरोबर धूळही येते.

बॅटरी संपत आली की या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. लिथियमची भरलेली पेटी ४.२ व्होल्टला असते आणि ३ व्होल्टच्या खाली तिला पिळू नये. समजा उपकरणाने ठरवले की ३ व्होल्टला बंद व्हायचे. ते बंद होते, भार उतरतो, आणि भार उतरताच थकलेल्या पेटीचा व्होल्टेज थोडा वर येतो. मंडल म्हणते, बॅटरी ठीक आहे, आणि पुन्हा चालू होते. भार पडतो, व्होल्टेज कोसळतो, पुन्हा बंद. मरू घातलेला मोबाइल कंपनीचे चिन्ह दाखवून मिटतो, पुन्हा दाखवून मिटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. यावरचा उपाय म्हणजे बंद होण्याची आणि चालू होण्याची पातळी वेगवेगळी ठेवणे. ३ व्होल्टला बंद हो, पण ३.३ पर्यंत चढल्याशिवाय चालू होऊ नकोस. दोन पातळ्यांमधले हे अंतर नसेल तर यंत्र धरसोड करते. माणसांच्या निर्णयांनाही हे लागू पडते, पण तो विषय वेगळा.

आता रीसेटकडे येऊ. बोलीभाषेत आपण ‘रीसेट मार’ म्हणतो आणि त्यात चार वेगळ्या क्रिया मिसळून टाकतो. वीज तोडून पुन्हा देणे ही पहिली. वीज न तोडता प्रोसेसरला पहिल्या सूचनेवर आणणे ही दुसरी. प्रोग्रॅम नव्याने सुरू करणे ही तिसरी. साठवलेली सगळी माहिती पुसून यंत्र कारखान्यातून आले तसे करणे ही चौथी. पहिल्या तिन्हींत साठवलेले बहुधा काही जात नाही, चौथीत सगळे जाते. महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘रीसेट करू का?’ या प्रश्नाला ‘करा’ म्हणताना, कोणता रीसेट हे विचारण्याइतके ज्ञान प्रत्येकाकडे असावे.

आपल्या महाविद्यालयांत हा विषय बहुधा ८०५१ या मायक्रोकंट्रोलरपासून शिकवला जातो. इंटेलने तो १९८० मध्ये आणला. त्याची रीसेट पिन दोन मशिन-चक्रे, म्हणजे १२ मेगाहर्ट्झला २ मायक्रोसेकंद, उच्च पातळीवर ठेवली की तो मूळपदावर येतो. पण वीज नुकतीच आली असताना घड्याळाची कंपने स्थिर झालेली नसतात, म्हणून तिथे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रोधक लावतात. दोघांचा गुणाकार ८२ मिलिसेकंद. तेवढा श्वास मिळाला की सगळे शांत होते. कपॅसिटर हा नाशिकला परका शब्द नाही. अनेक वर्षे इथल्या कारखान्यांतून वेगवेगळ्या जातींचे कपॅसिटर बनून बाहेर पडत आले आहेत. वेळ साठवून ठेवणारा हा छोटा भाग रीसेटच्या कामात पहारेकऱ्याइतकाच मोलाचा आहे.

८०५१ने मला एक धडा प्रयोगशाळेतच दिला. आमच्या विद्यार्थ्यांनी रिले चालवणारे मंडल बांधले होते. कागदावर सगळे बरोबर होते. रीसेटचे बटण दाबले की मात्र सगळे रिले एकदम ‘खटखट’ ओढले जात. चूक मीच तपासताना सोडली होती. रीसेट झाल्यावर ८०५१च्या सगळ्या पोर्ट-पिना उच्च पातळीला जातात, आणि आमचे मंडल उच्च पातळीला ‘रिले चालू’ समजत होते. म्हणजे ‘सगळे थांबव’ म्हणून आम्ही जे बटण दाबत होतो, त्याचा अर्थ बाहेरच्या जगासाठी ‘सगळे सुरू कर’ असा होत होता. रिलेच्या पुढे दिवे होते म्हणून भागले. मोटर असती तर भागले नसते. तेव्हापासून मी शिकवतो: रीसेटच्या क्षणी यंत्राच्या डोक्यात काय होते ते पुस्तकात मिळेल, पण त्याचे हातपाय काय करतात ते आधी पाहा. आणखी एक बारकावा. रीसेटने ८०५१ची अंतर्गत रॅम पुसली जात नाही. प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो, पण जुन्या आठवणी तिथेच पडून असतात. त्यांवर विसंबायचे की त्या आधी साफ करायच्या, हे रचनाकाराने ठरवायचे.

कधीकधी बटण दाबायला जवळ माणूसच नसतो. त्यासाठी वॉचडॉग असतो: स्वतंत्र चालणारे एक घड्याळ. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात त्याला ‘मी ठीक आहे’ असे सांगत राहायचे. सांगणे थांबले की तो यंत्राला रीसेट करतो. १९९७च्या जुलैत मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन:पुन्हा रीसेट होऊ लागला, तो अशाच वॉचडॉगमुळे. कमी महत्त्वाच्या कामाने एक सामायिक कुलूप धरून ठेवले होते, त्यामुळे महत्त्वाचे काम अडत होते आणि वेळ संपत होती. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तीच स्थिती इथल्या नमुन्यावर घडवून कारण शोधले आणि दुरुस्ती रेडिओवरून पाठवली. यान वाचले, कारण अडकल्यावर मूळपदावर येण्याची सोय त्यात आधीच होती.

इथे मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आठवण बटणातून काढून मंडलात ठेवली, पुढे मंडलातून प्रोग्रॅमच्या हाती दिली. त्याबरोबर बटणाचा अर्थही बदलला. खटका हुकूम देत असे. आजचे बटण अर्ज करते. आपण ‘बंद हो’ असा अर्ज देतो, प्रोग्रॅम तो वाचतो, आवराआवर करतो आणि मंजूर करतो. एरवी हे चांगलेच आहे. पण अर्ज वाचणाराच बेशुद्ध पडला असेल तर? प्रोग्रॅम अडकला की बटण कितीही दाबा, ऐकणारे कोणी नसते. पूर्वी आपण मागचे झाकण काढून बॅटरी उपसत असू. आता बहुतेक मोबाइलची बॅटरी आत चिकटवलेली असते. ही शेवटची वाट बंद झाली, तर यंत्राच्या मालकाकडे यंत्रावर कसलीच सत्ता उरत नाही.

म्हणून जाणत्या रचनाकारांनी एक मार्ग प्रोग्रॅमला वळसा घालून ठेवला आहे. संगणकाचे बटण साधारण चार सेकंद दाबून धरले की प्रोग्रॅमला न विचारता वीज तुटते. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून मांडलेल्या वीजव्यवस्थापनाच्या मानकात ही तरतूद आहे. मोबाइलमध्ये बहुधा दोन-तीन बटणे ठरावीक रीतीने धरून ठेवावी लागतात. थोडा वेळ दाबले तर विनंती, धरून ठेवले तर हुकूम. आपल्या व्यवहारातही असेच असते. आधी शब्द टाकायचा. ऐकलेच नाही, तर ठामपणे उभे राहायचे. हातात धरायच्या प्रत्येक उपकरणात शेवटचा शब्द माणसाचा असला पाहिजे, आणि तो प्रोग्रॅमच्या मर्जीवर नव्हे, तारेच्या जोडणीत लिहिलेला असला पाहिजे. या क्षेत्राची नीती मला एका वाक्यात सांगायची झाली तर ती ही.

हा शब्द किती सहज उच्चारता यावा, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. नाशिकहून मुंबईकडे निघालेली एसटी कसारा घाट उतरत आहे, कंडक्टर एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकीट काढत आहे, असे डोळ्यांपुढे आणा. पूर्वी त्याच्याकडे रंगीत तिकिटांचा ट्रे आणि टकटक वाजणारा चिमटा असे. चिमट्याला रीसेट लागत नसे. आताच्या यंत्राचे बटण वळणावरच्या धक्क्याने चुकून दाबले जाऊ नये, पण अडकल्यास उभ्या उभ्या एका हाताने रीसेट करता यावे. आणि रीसेट झाल्यावर आधीच्या तिकिटांचा हिशेब शाबूत राहायला हवा, म्हणजे कागद छापण्याआधी प्रत्येक नोंद कायमच्या स्मृतीत गेली पाहिजे. घाटातल्या त्या एका वळणात सबंध अभ्यासक्रम सामावलेला आहे.

दुसऱ्या टोकाला मतदान यंत्र आहे. तेही बॅटरीवरचे, उचलून नेण्याजोगे उपकरण. १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ते पहिल्यांदा वापरले गेले आणि २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सर्वत्र. ते भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल बनवतात, आणि त्याच्या बाह्यरचनेत पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा वाटा आहे. इथे मतदाराचे निळे बटण एकटे काहीच करू शकत नाही. मतदान अधिकाऱ्याने ‘बॅलट’ बटण दाबून परवानगी दिली, तरच एक मत नोंदले जाते. लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो, आणि पुढच्या परवानगीपर्यंत निळी बटणे निर्जीव होतात. कितीही वेळा दाबा, मत एकच. बॅटरी बदलली तरी नोंदलेली मते राहतात. मोजणी पुसण्याचे ‘क्लिअर’ बटण झाकणाआड असते. प्रत्यक्ष मतदानापूर्वी चाचणीची मते नोंदवून मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर अशा क्रमाने यंत्र कोरे करतात. निवडणुकीच्या कामावर गेलेले आपले शिक्षक या क्रमाला ‘सीआरसी’ म्हणतात. मोबाइलमध्ये रीसेट हाताशी हवा, इथे तो सीलबंद हवा. दोन्हीकडे तत्त्व तेच: शेवटचा शब्द माणसाचा. फरक इतकाच की इथे तो एका माणसाचा नसून साक्षीने काम करणाऱ्या अनेकांचा आहे.

शेवटी पुन्हा विहिरीवर जाऊ, कारण तिथे एक न सुटलेला प्रश्न आपली वाट पाहतो. महाराष्ट्रात शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तास मिळते, आणि अनेक ठिकाणी आळीपाळीने रात्रीही येते. मध्यरात्री उठून, अंधारात, सापा-बिबट्याची भीती घेऊन हिरवे बटण दाबायला कोण जाणार? म्हणून शेतकऱ्याने ऑटो स्विच लावला. लाईट आली की पंप आपला आपण सुरू. त्याची अडचण खरी आहे आणि त्याने शोधलेला उपाय बुद्धीचा आहे. पण वीज परत येताच एका डीपीवरचे, म्हणजे एका रोहित्रावरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि डीपी जळते. म्हणून ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करत आली आहे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. प्रत्येक पंपाने वेगवेगळ्या अंतराने, थोडे थांबून सुरू व्हावे, तेही मोटरजवळ कोणी नाही याची खात्री करून, अशी स्वस्त आणि टिकाऊ रचना घरोघरी पोहोचली, तर एका बटणाच्या अभ्यासाने गावाची रात्र बदलेल. मोबाइलवरून चालणारे स्टार्टर आता आले आहेत. त्यांतही वीज परतल्यावर काय करायचे हा निर्णय कोणीतरी आधी घेतलेलाच असतो. तो निर्णय समजून घेणारी माणसे या मातीतलीच असावीत.

या क्षेत्रात येण्यासाठी फार मोठ्या तयारीची गरज नाही. ओहमचा नियम, कपॅसिटर भरण्याचा वेळ, ट्रान्झिस्टरची उघडझाप आणि थोडे प्रोग्रॅमिंग एवढे पुरते. एक टॅक्ट स्विच, एक मॉस्फेट आणि एक मायक्रोकंट्रोलर शे-दोनशे रुपयांत होतो. त्याहून महत्त्वाची आहे पाहण्याची सवय. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पाच प्रश्न विचारा. बोट काढल्यावर आठवण कुठे राहते? वीज गेली तर ती उरते का? वीज परतल्यावर हे स्वतः सुरू होते का, आणि व्हावे का? अडकले तर मी त्याला कसा सोडवीन? सोडवताना काय गमावीन? बटणावरच्या चिन्हाकडेही पाहा. उभी रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद. वर्तुळाला वर चीर देऊन त्यात उभी रेघ घातली, तर ते मुळात ‘अर्धवट झोप’ दाखवणारे चिन्ह होते. २००४च्या एका अमेरिकी मानकाने त्यालाच सरसकट विजेचे चिन्ह मानले. एवढ्याशा चिन्हातही आठवण, झोप आणि जाग यांचा इतिहास आहे.

नाशिकमध्ये १९८९ पासून गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ उभे आहे. शिकण्याची वेळ टळली असे ज्यांना वाटले, त्या हजारो माणसांनी त्याच्यामुळे मराठीतून शिकून दाखवले आहे. माझ्या मनातला वाचक त्यांच्यातलाच आहे: दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर, कारखान्यातला फिटर, डिप्लोमाची विद्यार्थिनी, स्वतः ऑटो स्विच जोडणारा शेतकरी. तुम्ही या विषयाला नवखे नाही. हिरव्या बटणावरून बोट काढल्यावरही मोटर का चालू राहते, असा प्रश्न तुम्हाला लहानपणी कधीतरी पडला होता. कदाचित तेव्हा उत्तर द्यायला कोणी नव्हते. तो प्रश्न अजून तिथेच, विहिरीवरच्या पेटीपाशी, तुमची वाट पाहत आहे. चला, झाकण उघडून पाहू. पण आधी मेन बंद करा.

नाशिक